खांदेरीचा दिवा आणि किरणांची जोडणी

अलिबागजवळच्या थळ गावी किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे, किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवरचे, खांदेरी. या खांदेरीची एक गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जाते. शिवछत्रपतींनी १६७९ साली येथे किल्ला बांधावयास घेतला, मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही चवताळून उठले, आणि तरीही किल्ला उभा राहिला, ही ती गोष्ट. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीही आहे. पण या बेटाची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ती आहे तेथल्या दिव्याची. १८६७ सालापासून खांदेरीवर दीपगृह आहे. हा दिवा इतक्या दूरवर दिसतो कसा, असे एखाद्या मुलाने गुरुजींना विचारले, तर उत्तरासाठी थेट फ्रान्सपर्यंत जावे लागते, आणि तेथून परत यावे लागते ते आपल्या हिंगोली जिल्ह्यात! आज तो प्रवास आपण करणार आहोत.

आधी १६७९ कडे एकदा पाहू, कारण दिव्याची गोष्ट काळोखापासून सुरू करणेच बरे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचे ठाणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्यावर हल्ला चढवला, त्या लढाईत ‘डोव्हर’ नावाची इंग्रजी गुराब मराठ्यांच्या हाती लागली. हे सारे आपण वाचलेले असते. परंतु नाकेबंदी खरी फोल ठरवली ती लहान लहान होड्यांनी. इंग्रजांची मोठी गलबते वाऱ्याच्या मर्जीवर चालणारी. आणि या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्र झाली की थळ-नागावच्या बाजूने त्या निघत, दाणागोटा आणि दारूगोळा बेटावर टाकत आणि उजाडायच्या आत परत येत. इंग्रजांना त्या दिसतच नसत, दिसल्या तरी सापडत नसत. शेवटी १६८० च्या आरंभी त्यांनी तह करून काढता पाय घेतला. म्हणजे पाहा, खांदेरी त्या साली वाचली ती काळोखाच्या आधाराने. आणि पुढे १८८ वर्षांनी त्याच बेटावर, त्याच इंग्रजांनी, काळोख हटवण्यासाठी दिवा लावला!

मधल्या काळात बरेच पाणी वाहून गेले होते. कान्होजी आंग्र्यांच्या अमदानीत, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर चाल केली आणि पुन्हा हात हलवीत परत गेले. १८१८ साली पेशवाई बुडाली. मुंबई बंदर वाढत गेले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने तर मुंबईत पैशाचा पूर आला. आगबोटी आल्या. शिडाचे गलबत रात्री नांगर टाकून पडून राहिले तरी चाले. आगबोटीला मात्र वेळापत्रक असते, तिला रात्री थांबून चालत नाही. दक्षिणेकडून मुंबईला येणाऱ्या बोटीच्या वाटेवर तर चौलकाडूसारखे पाण्याखालचे खडक. अशा वेळी खांदेरीवर दिवा लागला. दोनच वर्षांनी, १८६९ साली, सुएझचा कालवा खुला झाला आणि या वाटेवरची वर्दळ आणखी वाढली.

आता दिव्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, दिवा तो दिवा, त्यात काय? मोठी ज्योत लावली की झाले! पण तसे होत नाही. कंदील अंगणात टांगला, तर त्याचा उजेड कोठे कोठे जातो? वर आभाळात जातो, खाली जमिनीवर जातो, चहूंकडे जातो. समुद्रावरच्या तांडेलाच्या डोळ्यात शिरणारा भाग त्यातला अगदीच थोडा. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो, अंतर दहापट झाले की शंभरावा हिस्सा. मोटेचे पाणी सपाट रानात नुसते ओतून दिले, तर दहा पावलांवर ते जिरून जाते. तेच पाणी पाटात घातले, तर शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचते. पाणी तेवढेच, फरक पाटाचा. दीपगृहाची सारी विद्या म्हणजे उजेडाला पाट काढून देण्याची विद्या.

युरोपात पूर्वी दीपगृहांवर लाकडे आणि कोळसा जाळीत. १७८० च्या सुमारास आर्गां नावाच्या गृहस्थाने पोकळ, नळीसारख्या वातीचा दिवा काढला. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून हवा मिळाल्यामुळे ज्योत स्वच्छ जळे, वर काचेची चिमणी. मग अशा दिव्यामागे खोलगट, चकचकीत धातूचा आरसा बसवू लागले. आरसा मागचे किरण पुढे ढकली. एका दिव्याने भागेना, म्हणून एकाच चौकटीवर आठ, दहा, वीस दिवे आणि तितकेच आरसे! अनेक किरण एकत्र करण्याचा हा पहिला मार्ग, आणि तो सरळ आहे: एकाशेजारी एक दिवे लावा आणि सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला करा.

यात दोन अडचणी होत्या. त्या काळचे धातूचे आरसे बराचसा उजेड स्वतःच गिळून टाकीत. दुसरी अडचण अधिक मुळाशी जाणारी होती. आरशाची एक नेमकी जागा असते, तिला नाभी म्हणतात. ज्योत तेथेच असेल तरच किरण समांतर, एका झोतात बाहेर पडतात. जरा बाजूला सरकली की झोत फाकतो. आणि एका जागी दोन ज्योती काही बसत नाहीत. म्हणून दिवे वाढवले की आरसेही वाढवावे लागत, खर्च वाढे, तेल वाढे, पण प्रत्येक झोत मात्र पहिल्याइतकाच दुबळा राही.

या ठिकाणी आपल्या गोष्टीत ओगुस्तँ फ्रेनेल येतो. हा १७८८ साली जन्मलेला फ्रेंच माणूस. धंद्याने रस्ते बांधणारा सरकारी इंजिनियर, प्रकृतीने किरकोळ. १८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून परत आला, तेव्हा याने त्याच्या विरुद्ध बाजू घेतली आणि नोकरी गमावली. रिकाम्या वेळात त्याने काय करावे? तर प्रकाशावर प्रयोग! नोकरी पुढे पुन्हा मिळाली, आणि १८१९ साली त्याला दीपगृहांच्या मंडळावर घेण्यात आले.

फ्रेनेलने आरसा बाजूला ठेवला आणि भिंग हाती घेतले. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलाने केलेला असतो. समांतर येणारे किरण भिंग एका बिंदूत आणते. आता हेच उलट करा. त्या बिंदूवर ज्योत ठेवा, म्हणजे किरण समांतर होऊन बाहेर जातील. पण दीपगृहाला लागणारे भिंग माणसाच्या उंचीचे हवे. एवढे अखंड भिंग ओतले, तर मध्यभागी काच इतकी जाड होईल की तीच उजेड खाईल, वजनाने मनोरा दबेल, आणि ओततानाच ती तडकेल. फ्रेनेलने विचार केला, की किरण वाकतो कोठे? काचेच्या पोटात तो वाकत नाही, तेथे सरळ जातो. वाकतो तो काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना, म्हणजे फक्त पृष्ठभागावर. मग पोटातली काच हवी कशाला? ती काढून टाका आणि पृष्ठभागाचा उतार तेवढा ठेवा! मध्ये एक लहान भिंग, त्याभोवती काचेची वलये, प्रत्येक वलयाचा उतार आतल्यापेक्षा थोडा अधिक. डोंगरउतारावर आपण भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी काढतो, तशीच ही काचेची खाचरे म्हणा ना.

न्यायाला धरून एवढे सांगितले पाहिजे, की पायऱ्यांच्या भिंगाची कल्पना फ्रेनेलच्या आधी फ्रान्सात ब्युफाँ आणि काँदोर्से यांना, आणि ब्रिटनमध्ये ब्रूस्टरलाही सुचली होती. परंतु कल्पना सुचणे वेगळे आणि ती समुद्रावर उभी करून दाखवणे वेगळे. फ्रेनेलने प्रत्येक वलयाचा उतार गणिताने काढला, काच घासणारे कारागीर गाठले, आणि आरागो या मित्राबरोबर एकात एक चार वाती असलेला दिवा बनवला. एका जागी दोन ज्योती बसत नाहीत ना? मग एकाच ज्योतीची जागा शक्य तेवढी तेजस्वी करायची! १८२३ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर कोर्दुआंच्या जुन्या मनोऱ्यात हा दिवा लागला. आठ मोठी भिंगे, घड्याळाच्या यंत्राने फिरणारी. ३० किलोमीटरहूनही दूरच्या बोटींना तो दिसू लागला. चारच वर्षांनी, १८२७ साली, क्षयाने फ्रेनेल वारला. वय अवघे ३९.

पुढे भिंगाच्या वर आणि खाली लोलकांच्या रांगा आल्या. आभाळाकडे आणि जमिनीकडे जाणारा उजेडही त्या वळवून समुद्राकडे आणू लागल्या. इंग्लंडात चान्स बंधूंच्या कारखान्यात १८५१ पासून अशी भिंगे होऊ लागली, आणि खांदेरीचे दीपगृह उभे राहिले त्या सुमारास नव्या दीपगृहात फ्रेनेलच्या पद्धतीचे भिंग बसवणे हा साहेबाच्या राज्यात रिवाजच झाला होता. आठ दिशांना फाकणारे किरण आठ झोतांत गोळा झाले, आणि यंत्र फिरू लागले की दूरच्या माणसाला ठरावीक वेळाने लखलखाट दिसे. यामुळे दुसरेही एक काम साधले. प्रत्येक दीपगृहाच्या लखलखाटाची लय वेगळी ठेवता आली. होळीच्या जाळासारखा स्थिर उजेड कशाचाही असू शकतो. लय मोजली की हा खांदेरीचा, हा कोर्लईचा, असे तांडेल ओळखू शकतो.

शिक्षकांनी वर्गात मांडावे असे एक गणित येथे आहे. झोत कितीही प्रखर केला, तरी पृथ्वी गोल आहे, तिच्या पोटाआड दिवा लपतोच. समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून साधारण ३.६ ने गुणावे, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळते. दिवा ४९ मीटर उंच असेल तर सुमारे २५ किलोमीटर. पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर त्याचे ७ किलोमीटर मिळवावे. झाले ३२. म्हणून तर दीपगृहाला टेकडी हवी असते, आणि खांदेरीवर ती आयती मिळाली.

दिव्याला मर्यादा आहेत, हेही आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, त्या दिवशी किती घरांत चूल पेटली नाही याचे दुःख म्हातारी माणसे पुढे वर्षानुवर्षे सांगत. ती रात्र नव्हती, सकाळ होती. वादळापुढे दिव्याचे काय चालणार?

फ्रेनेलची अर्धीच गोष्ट येथवर झाली. आता उरलेली ऐका, कारण माझ्या मते तीच मोठी आहे. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा, असे त्या काळचे बहुतेक मोठे पंडित मानीत. न्यूटनचे वजन त्या पारड्यात होते. फ्रेनेल म्हणे, प्रकाश ही लाट आहे. लाटांची रीत कणांहून वेगळी. विहिरीत दोन खडे थोड्या अंतरावर टाका. दोन्हीकडून वलये निघतात आणि एकमेकांतून जातात. जेथे उंचवट्यावर उंचवटा येतो तेथे पाणी दुप्पट उचलते. जेथे उंचवट्यावर खळगा येतो तेथे पाणी जागच्या जागी स्वस्थ! प्रकाश लाट असेल, तर उजेडात उजेड मिसळून कोठे कोठे अंधार झाला पाहिजे. फ्रेनेलने दोन आरसे किंचित कोन करून ठेवले, एकाच दिव्याचा उजेड दोन वाटांनी पडद्यावर आणला, आणि खरोखरच उजेडाच्या आणि अंधाराच्या पट्ट्या दिसल्या. होडीच्या तळातल्या पाण्यावर रॉकेलचा तवंग पसरला की त्यावर रंग दिसतात ना, तेही हेच. तवंगाच्या वरून आणि खालून परतलेले दोन किरण एकमेकांत मिसळून काही रंग खोडतात, काही उठवतात.

१८१८ साली त्याने आपला निबंध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांत प्वासाँ हा गणिती होता, कणवाल्यांच्या बाजूचा. त्याने फ्रेनेलचेच गणित पुढे चालवून दाखवले, की हे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजळ ठिपका दिसायला हवा. सावलीच्या पोटात उजेड! केवढी हास्यास्पद गोष्ट! आरागोने प्रयोग करून पाहिला, आणि ठिपका होता. बक्षीस फ्रेनेलला मिळाले.

म्हणजे किरण जोडण्याच्या दोन तऱ्हा झाल्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेल्या. एक, दिशा जुळवणे, ही खांदेरीची. दुसरी, लय जुळवणे. होडीत आठ जण वल्ही मारीत असतील आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला मारील, तर होडी डगमगत पुढे जाते. ‘होय्या’ म्हणताच आठही वल्ही एकदम पाण्यात पडली, तर होडी झेपावते. दोन दिवे शेजारी लावले तर उजेड दुप्पट होतो. पण दोन लाटा उंचवट्याला उंचवटा जुळवून आणल्या तर उंची दुप्पट होते, आणि उजेड उंचीच्या वर्गाप्रमाणे असल्यामुळे तेथे तो चौपट होतो. मग जास्तीचा उजेड आला कोठून? हुशार विद्यार्थी हे विचारणारच. तो शेजारच्या अंधाऱ्या पट्ट्यांतून आला. एकूण बेरीज तेवढीच राहते, फुकट काही मिळत नाही.

साध्या ज्योतींची लय मात्र जुळवता येत नाही, कारण ज्योतीतला कणन् कण आपल्या मर्जीने उजेड फेकतो. त्याला दीडशे वर्षे वाट पाहावी लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढून दाखवला. लेसरमध्ये सारे कण एका तालात उजेड देतात. आज केसासारख्या बारीक काचतंतूतून लेसर काढतात आणि त्याने पोलादाचे जाड पत्रे कापतात. पण एका तंतूत मर्यादेबाहेर शक्ती कोंबली तर काचच बिघडते. मग पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहिला, की अनेक किरण एक कसे करावे? उत्तरेही ओळखीची आहेत. शेजारी शेजारी लावून एका दिशेला सोडा, ही आर्गांच्या दिव्यांची रीत. किंवा प्रत्येक किरणाचा रंग किंचित वेगळा ठेवा आणि लोलकासारख्या साधनाने ते एका वाटेवर आणा. न्यूटनने लोलकातून पांढऱ्या उजेडाचे रंग वेगळे केले होते, त्याच्या उलट. किंवा सगळ्यांची लय जुळवा. ही तिसरी सर्वांत अवघड, कारण लाटेची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. तेवढ्यात थोडीही चूक झाली तर उंचवट्यावर खळगा येतो. म्हणून यंत्र सेकंदाला हजारो वेळा किरणांची लय तपासून दुरुस्त करीत बसते.

आणि आता हिंगोलीकडे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ नावाची वेधशाळा बांधायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था या कामात आहे. तेथे लेसरचा एक किरण दोन भागांत फोडून काटकोनातल्या दोन नळ्यांतून, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि पुन्हा एकत्र करायचा. तोही अशा बेताने, की उंचवट्यावर खळगा पडावा आणि बाहेर जवळजवळ अंधारच राहावा. फ्रेनेलच्या दोन आरशांचा हा नातू म्हणायचा. दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशालाच किंचित लाट येते, एक नळी लांबते, दुसरी आखडते, अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. लय मोडते आणि अंधारात उजेड दिसतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी ही लाट पहिल्यांदा टिपली, आणि २०१७ चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले.

अमेरिकेत दोन असताना आणखी एक हिंगोलीत कशाला, असे कोणी विचारील. थळच्या तांडेलाला विचारा, तो सांगेल. एका दिव्यावरून दिशा कळते; आपली जागा कळायला दुसरा दिवा लागतो, आणि तिसरा दिसला तर खात्री होते. येथे वाट उलटी आहे, लाट आपल्याकडे येते आणि कोणत्या वेधशाळेला ती किती आधी लागली त्यावरून तिचे गाव शोधायचे. १४ ऑगस्ट २०१७ रोजी आलेल्या एका लाटेचा शोध अमेरिकेतल्या दोघींच्या आधारे घेतला, तेव्हा आकाशाचा ११६० चौरस अंशांचा पट्टा चाळावा लागेल असे दिसले. इटलीतली तिसरी वेधशाळा मिळवताच तो ६० चौरस अंशांवर आला. औंढ्याची त्यांत पडेल ती या सगळ्यांपासून फार दूर.